बांगडीसकट धरलेले मनगट

या लेखाला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, तो असा: हातात बांगड्या असताना कोणी मनगट पकडले, तर स्वसंरक्षणाच्या वर्गात शिकवलेल्या रीतीने ते सुटते का? प्रश्न लहान आहे. मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, आणि लहान प्रश्नापाशीच मोठी माणसे जास्त गडबडतात हे फार वेळा पाहिले. या वेळी गडबडणाऱ्यांत मीही होते, म्हणून सगळे क्रमाने सांगते.

प्रश्न मुळात माझ्या धाकट्या जावेचा. रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात आमचे दुमजली घर आहे. खाली मी राहते, वर दीर आणि जाऊ. जावेचे गुढियारीत साडीला फॉल-पिको करून देण्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक यंत्र, एक स्टूल आणि दोऱ्यांच्या गुंड्यांची भिंत. अठरा वर्षे ती रोज दुपारी एकला ते शटर वर करीत आली. घरी ती कोणाची सून, कोणाची बायको, कोणाची काकू असते. तिथे मात्र ती ‘पिकोवाली दीदी’. साडी नुसती पाहून दोऱ्याचा नंबर सांगते, आणि त्या नंबरावर वाद घालायची हिंमत आजवर एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी ती कुलपाला किल्ली लावत असताना एक माणूस पत्ता विचारायला आला आणि त्याने तिचे डावे मनगट धरले. त्याला सोन्याची पाटली हवी होती. पाटली निघाली नाही, कारण जावेचा हात भरलेला आहे आणि ती पाटली तिच्या लग्नातली आहे. हात वाढला, पाटली वाढली नाही. ओढाताणीत दोन काचेच्या बांगड्या फुटल्या व एक तुकडा मनगटात शिरला. समोरच्या बारदानवाल्याने पोत्यांच्या थप्पीआडून मान वर केली, तेव्हा तो माणूस पळाला. हे सगळे होत असताना जाऊ काय म्हणाली, ते तिनेच मला सांगितले. ती म्हणाली, “अहो भैया, काय करून राहिले तुम्ही?” त्या भैयाला इतक्या आदराने कोणी बऱ्याच दिवसांत हाक मारली नसावी.

तीन टाके पडले. टाके निघाले, पण शटर उघडले नाही. महिना झाला तरी ती एकटी नाक्यापर्यंतही गेली नाही. दीर रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांची भाषा अजून फलाटावरून गाडी सुटल्यासारखी असते. ते म्हणाले, “काहून जाते आता? लय झालं. मोबाइलचे कव्हर विकणारा शटर मागून राहिला, देऊन टाकू. महिनाअखेरीस चाबी देतो म्हनून सांगितलं मी त्याले.”

जावेने पोळीवर तूप लावले. मी तिला इतक्या वर्षांत भांडताना पाहिले आहे, रुसताना पाहिले आहे, पण अशी गप्प तूप लावताना पाहिली नव्हती. म्हणून मी तिला स्वसंरक्षण शिकवणाऱ्या क्लबात नेले.

क्लब तळ्याकाठच्या सामुदायिक भवनात भरतो, सकाळी सहाला. एकमेकांत अडकणाऱ्या निळ्या फोमच्या चटया अंथरतात आणि आधी त्या चटईला वाकून नमस्कार करतात. भिंतीवर कुठल्याशा लग्नाचे थर्माकोलचे ‘शुभ विवाह’ तसेच राहिले होते; त्याच्या खाली आम्ही एकमेकांचे गळे धरायला शिकलो. या रचनेत विसंगती आहे असे जावेला वाटले नाही.

शिकवणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची, कमरेला काळा पट्टा. तिचे आजोबा अमरावतीकडचे. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येते. सत्तरीचे गृहस्थही तिला दीदी म्हणतात आणि ती त्यांना सांगते, “अंकल, घुटना मोड़िए, कमर नहीं।” चांगली शिक्षिका आहे, हे मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखले. तिने पहिला धडा मारण्याचा दिला नाही, पळण्याचा दिला. हातातली वस्तू कोणी मागितली तर द्यायची, जागा सोडायची, मोठ्याने ओरडायचे, आणि धरलेच असेल तर सुटण्यापुरते झगडायचे. जिंकायला थांबायचे नाही. इतका समंजस अभ्यासक्रम मी शिक्षण खात्यातही पाहिला नाही.

अडचण ओरडण्यापासून सुरू झाली. “पीछे हट” असे पोटातून म्हणायचे होते. जाऊ म्हणाली, “पीछे हटिए न, भैया.”

“आंटी, वो भैया नहीं है।”

“मग काय म्हनू? अनोळखी माणसाले अरे-तुरे कसं करू मी?”

दीदीने डोळे मिटले. मला ती मुद्रा ओळखीची होती. वर्गात तिसऱ्यांदा तेच चुकीचे उत्तर आले की माझीही तशीच होत असे.

दुसरी अडचण बांगड्यांची. नियम स्पष्ट होता: “चूड़ी, घड़ी, अँगूठी, सब उतारकर।” जावेने नळावर साबण लावून पाटली उतरवली, माझ्याजवळ दिली आणि सांगितले, “काचेच्या नाही काढत मी.” त्यामागे श्रद्धा किती आणि हट्ट किती, हे मी मोजू शकले नाही. दीदीने वाद घातला नाही. तिने पिशवीतून टॉवेलच्या कापडाचे दोन जाड पट्टे काढले, टेनिसवाले घालतात तसे, आणि बांगड्यांवरून चढवले. काच झाकली गेली. कोणाला लागणार नाही. सगळ्यांना समाधान वाटले, मलाही. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

माझ्या हातात घड्याळाखेरीज काही नसते. नोकरी लागली तेव्हा फळ्यावर लिहिताना बांगड्या किणकिणायच्या आणि मागचा बाक ताल धरायचा. तेव्हापासून मी त्या घातल्या नाहीत. क्लबात घड्याळही उतरवत असे. त्यामुळे मला मनगट सोडवण्याची युक्ती पटकन जमली. ती साधी आहे. धरणाऱ्याच्या मुठीत चार बोटे एका बाजूला असतात आणि अंगठा दुसऱ्या बाजूला. बोटांची टोके आणि अंगठा जिथे भेटतात तिथे मूठ सर्वांत कच्ची. आपले मनगट चपटे असते; त्याची कड त्या फटीकडे वळवायची, मागे न खेचता उलट एक पाऊल पुढे जायचे, कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचे आणि हात झटक्यात काढायचा. यात ताकदीपेक्षा भूमिती अधिक आहे.

जावेलाही तीन आठवड्यांत जमले. वर्गात तिचे मनगट धरायला बहुधा एक निवृत्त बँक मॅनेजर असत. ते आधी विचारत, “पकडू का?” मग वैद्याने नाडी पाहावी तसे दोन क्षण धरत आणि हात सुटला की “वा, वा” म्हणत. तरीही सुटत होता हे खरे. एके दिवशी तिने सलग वीस वेळा सोडवला. रिक्षात बसल्यावर ती स्वतःहून म्हणाली, “ताई, मरून कलरच्या दोऱ्याचा स्टॉक संपला असन दुकानात.” दोन महिन्यांनी तिच्या तोंडून दुकान निघाले होते.

त्याच रविवारी दीर चहा पीत बसले होते. म्हणाले, “दाखव बरं तुझे कराटे,” आणि त्यांनी तिचे मनगट धरले. दिरांनी उभा जन्म लोखंडी हातोड्या आणि पाने हाताळले आहेत. नाडी पाहण्याचा त्यांना अनुभव नाही. जावेने मनगट वळवले, पाऊल पुढे टाकले, कोपर नेले. बांगड्या वाजल्या. हात होता तिथेच राहिला. पुन्हा. पुन्हा तसेच.

“वहिनी,” दीर मला म्हणाले, “तुमच्या क्लबात गुंडं लय सभ्य येतात वाटते.”

जाऊ “मले नाही जमत” एवढेच म्हणाली आणि कप उचलून आत गेली. संध्याकाळी ती खाली आली, तेव्हा तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. दुकानातून टाक्यांच्या दिवशीच घरी आणलेले तिचे चांगले दोरे त्यात होते. “हे ठेवा, ताई. तुमच्या शिवणाले होतीन.” मी आयुष्यात बटणाखेरीज काही शिवलेले नाही, हे तिला ठाऊक आहे. महिना संपायला आठ दिवस होते.

मला राग आला. दिरांचा थोडा, माझा जास्त. विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले: दोन प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे आले तर आधी पाहा, त्यांत काय काय वेगळे होते. इथे पकडणारा वेगळा होता, हे उघड होते, आणि सगळ्यांनी तिथेच थांबून निष्कर्ष काढला होता की बाई कमजोर. दुसरे काय वेगळे होते? घरी तिच्या हातावर तो टॉवेलचा पट्टा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या दुकानातून डझनभर प्लॅस्टिकच्या बांगड्या घेतल्या. काचेच्या घेतल्या नाहीत, कारण प्रयोगशाळेत जखमी होणारा शिक्षक मूर्ख असतो. मंगळवारी क्लबात जाऊन दीदीला म्हटले, “धर.” ती दिरांइतकी दांडगी नाही. तरीही माझा हात सुटला नाही. सहा वेळा नाही. मग बांगड्या तिच्या हातात घातल्या आणि मी धरले. काळा पट्टा, राज्यपातळीवरची पदके, आणि माझ्या त्रेसष्ट वर्षांच्या मुठीतून ती निघेना.

तिने हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, “मैडम, सिलेबस में चूड़ी नहीं है।”

कारण शोधायला पाच मिनिटे लागली. मूठ मनगटावर नसतेच. ती बांगड्यांवर असते. आपण मनगट वळवतो, ते बांगडीच्या आत सुखाने वळते. बांगडी जागची हलत नाही, त्यामुळे मुठीला काही कळतच नाही. मग हात ओढावा, तर बांगडी बोटांच्या मुळाशी येऊन अडते. जाड पट्ट्याने बांगड्या आणि मनगट एकत्र बांधले गेले होते, म्हणून वर्गात युक्ती चालत होती. कोणाला इजा होऊ नये म्हणून आम्ही नेमकी तीच गोष्ट झाकून टाकली होती, जिच्यासह ती बाई बाजारात जाते. धोक्याची तयारी आम्ही धोका वगळून करत होतो.

पुढच्या सकाळी दीदीने दाराशी प्लॅस्टिकच्या बांगड्यांचा डबा ठेवला आणि सगळ्यांना घालायला लावल्या, पुरुषांनाही. “आम्ही काही बांगड्या भरल्या नाहीत” हे वाक्य ज्यांच्या तोंडी आयुष्यभर होते, असे तीन गृहस्थ गुलाबी बांगड्या घालून एकमेकांच्या मुठीत अडकले होते. बँक मॅनेजर हताशपणे म्हणाले, “हे काही खरं नाही, हो.” माझ्या मते त्या भवनात खरे काही घडण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण कारण कळले म्हणून उपाय सापडतो असे नाही. दीदीने आम्हाला बरेच करून पाहायला लावले. बांगडीसकट धरलेला हात सोडवण्याची खात्रीची रीत आम्हाला मिळाली नाही, आणि ती मिळाली आहे असे मी इथे लिहिणार नाही. बांगडी सैल आणि धातूची असेल, तर अंगठा तळव्यात दुमडून, कासार बांगडी भरताना करतो तसा, हात काढून घ्यावा आणि बांगडी त्या माणसाला लखलाभ म्हणावी. काचेची मात्र फुटते आणि घालणाऱ्यालाच कापते.

“तो बाज़ार जाते समय उतार दें,” दीदी म्हणाली.

हे मी जावेला सांगितले. ती म्हणाली, “अन् मंग? दुकानात रोज बायका येतात. त्या काय माहा पिको पाहतीन, का माहे बोडखे हात?” तिचा मुद्दा बरोबर होता. दुकान वाचवण्यासाठी दुकानातला चेहराच बदलायचा असेल, तर वाचवले काय?

गुरुवारी सकाळी मी पुन्हा वर गेले. जाऊ कणीक मळत होती. समजावण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते, म्हणून मी मनातल्या मनात पकड तपासत, तिला न विचारता तिचे मनगट धरले.

“ताई, कणीक सांडन न,” ती वैतागून म्हणाली, हात काढून घेतला आणि मळू लागली.

मी तशीच उभी. तिलाही क्षणभराने कळले, आणि मळणे थांबले. कणीक मळताना कोणतीही बाई करते तेच तिने केले होते: बांगड्या वर, कोपराच्या दिशेने सारल्या होत्या. तिथे हात जाड असतो, म्हणून त्या घट्ट बसतात, आणि खाली मनगट मोकळे राहते.

माझा आनंद दहा सेकंद टिकला. मग शंका आली की हात पिठाने निसटला असेल. “हात धू,” मी म्हटले. तिने धुतला. “पूस.” पुसला. बांगड्या पुन्हा वर सारल्या. मी जमेल तेवढ्या जोराने धरले. सुटला. बांगड्या खाली आणून धरले. अडकला. असे आलटून पालटून केले, कणीक वाळेपर्यंत.

तरी एक त्रुटी उरली होती. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि जावेवर माझा जीव आहे. दोन्ही गोष्टी पकड ढिली करतात. दिरांना बोलावले तर चेष्टा पुन्हा आधी येणार. आम्हाला असा परीक्षक हवा होता, ज्याचा हात दणकट आहे आणि ज्याला आमची भीड नाही. शनिवारी अभनपूरहून भाजीवाली आली. दोन भरल्या टोपल्या बसमधून एकटी उतरवणारी बाई आहे. तिला काम समजावले. तिने जावेकडे, मग माझ्याकडे, जरा काळजीने पाहिले.

“का होगे दीदी, घर में झगड़ा होगे का?”

“झगड़ा नहीं है. बस, छोड़ना मत,” मी म्हटले.

“हव. मैं नइ छोड़ंव,” ती म्हणाली, आणि तिने शब्द पाळला. बांगड्या वर असूनही पहिल्या खेपेला हात सुटला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. जाऊ मागे खेचत होती. घाबरलेला माणूस मागेच खेचतो. तिचे डोळे भरून आले. भाजीवालीने पकड ढिली केली नाही, आणि याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. मग जावेने एकदम पाऊल पुढे टाकले, कोपर घुसवले आणि म्हणाली, “सोड बे.”

हात मोकळा झाला. भाजीवाली मेथीच्या टोपलीवर पडता पडता वाचली.

मला खातरी हवी होती. “छूटा, या तुमने छोड़ा?”

“मैं नइ छोड़ेंव,” ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली. “छूट गे.” म्हणजे तिने सोडला नव्हता, तो सुटला होता. त्यानंतर तिने आणखी चारदा धरले, त्यातल्या एकदा जावेला जमले नाही. तेही नोंदवते.

महिन्याचा शेवटचा दिवस सोमवार होता. दुपारी साडेबाराला जाऊ साडी बदलून, खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली. दीर समोर चहा ठेवून खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. दुकानाची किल्ली शेजारच्या खुंटीला. तिने बांगड्या वर सारल्या. दिरांनी नकळत पाय आखडून घेतले. तीस वर्षांच्या संसारात ती हालचाल त्यांनी दोनच प्रसंगी पाहिली होती, आणि समोर कणकेची परात नव्हती.

“भांडाचं आहे काय?”

“नाही. हात धरा.”

त्यांनी हसत धरला. सुटला. दुसऱ्यांदा न हसता धरला. सुटला, आणि वर्तमानपत्र चहात गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “राहू दे. माहंच मनगट दुखून राहिलं.” मग वेगळ्या आवाजात, “अन् दोघं आले तं?”

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. मला तेव्हा कळले की शटर देऊन टाकायची घाई करणारा माणूस दोन महिने स्वतःच घाबरला होता.

“दोघं आले तं वरडत पयीन,” जाऊ म्हणाली. “दीदीनं तेच तं पह्यलं शिकवलं. अन् हे ठेवा.” तिने साबण लावून काढलेली पाटली त्यांच्या तळहातावर ठेवली. “हिच्यापायी हात नाही देत मी. चाबी द्या.”

त्यांनी किल्ली दिली. कव्हरवाल्याला काय सांगायचे, असे पुटपुटले. ते तुम्ही पाहा, असे तिने सांगितले. मी दोऱ्यांचा डबा घेऊन तिच्यामागे निघाले, तर ती दारातून वळून म्हणाली, “डबा द्या. तुम्ही काय शाळा तपासाले येऊन राहिल्या?”

तरी मी गेले, दुसऱ्या रिक्षाने. सवय जात नाही. गुढियारीत ती उतरली, आधी बांगड्या वर सारल्या, मागे एकदा पाहिले, मग किल्ली लावली. शटर अर्ध्यात अडकले. बारदानवाला पोत्यांआडून म्हणाला, “आ गई दीदी? तेल डालो उसमें।” तिने दोन्ही हातांनी ते वर ढकलले आणि आत जाऊन पहिल्यांदा मरून दोऱ्याच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिले. मी परत फिरले.

आता ती रोज जाते. भीती गेली का, असे मी विचारले नाही. रिक्षातून उतरताना बांगड्या दर वेळी वर जातात, एवढे पाहिले आहे. 

माझे निरीक्षण तीन बायकांचे हात, एक दीर आणि एक भाजीवाली यांच्यापुरते आहे. तेव्हा माझी विनंती आहे की हे तुम्ही स्वतः तपासावे. प्लॅस्टिकच्या, पण तुमच्या मापाच्या बांगड्या घाला. हात कोरडा ठेवा. तुम्हाला न भिणाऱ्या माणसाला मनगट घट्ट धरायला सांगा. आधी बांगड्या खाली असताना करा, मग वर सारून करा. निष्कर्ष माझ्यापेक्षा वेगळा आला, तर तुमच्या हातावर विश्वास ठेवा आणि माझे चुकले असे समजा.